जुन्या उपकरणांचे जतन करणारे रॉबर्ट व्हिपल

घरातील वस्तू जुनी झाली की ती आधी माळ्यावर जाते आणि नंतर भंगारात. विज्ञानाच्या उपकरणांचेही बहुधा असेच होते. अशी उपकरणे आयुष्यभर जपणाऱ्या रॉबर्ट स्टुअर्ट व्हिपल यांची ही ओळख.

त्यांचा जन्म इंग्लंडमध्ये १८७१ साली झाला. वडील लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे अधीक्षक होते. रॉबर्ट यांनीही नोकरीची सुरुवात तेथेच केली. १८९८ मध्ये ते केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीत आले. कंपनीचे संस्थापक होरेस डार्विन, म्हणजे प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे पुत्र. त्यांचे साहाय्यक म्हणून लागलेले व्हिपल पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. हृदयाचा आलेख काढणारी सुरुवातीची ईसीजी यंत्रे याच कंपनीने बनवली.

कामाच्या वेळी नवी उपकरणे घडवायची आणि फावल्या वेळात जुनी शोधायची, असा त्यांचा क्रम होता. १९१३ मध्ये फ्रान्समधील तूर या शहरात त्यांनी एक जुनी दुर्बीण दहा फ्रँकला विकत घेतली. तेव्हापासून हा छंद जडला. सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, सूर्यघड्याळे असा संग्रह वाढत गेला. सोबत विज्ञानाचे दुर्मीळ ग्रंथही जमले.

१९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, त्यांनी सुमारे १००० उपकरणे आणि जवळपास तितकेच ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकले. त्यातूनच व्हिपल संग्रहालय उभे राहिले. विशेष म्हणजे त्याचे मुख्य दालन सतराव्या शतकातील एका शाळेच्या सभागृहात आहे. १९५३ मध्ये व्हिपल यांचे निधन झाले.

पुढे डेरेक प्राइस या अभ्यासकाने दाखवून दिले की संग्रहातील काही उपकरणे नकली आहेत. परंतु संग्रहालयाने ती फेकली नाहीत. खरे आणि खोटे कसे ओळखावे, हे शिकण्यासाठी आता त्यांचाच उपयोग होतो. उपकरण जपून ठेवले होते, म्हणूनच ते तपासता आले.

पालक आणि विश्वस्तांना एक विनंती. घरी आजोबांचा लाकडी कॅमेरा असेल, किंवा शाळेच्या कपाटात पितळी तराजू असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी थोडे थांबावे. वस्तू कोणाची, कोणत्या साली घेतली, कशी वापरत, एवढे चिठ्ठीवर लिहून ती वस्तूसोबत ठेवावी. आणि मुलांनो, ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा.