न दुखणाऱ्या जखमांचा डॉक्टर

मुलुंडहून लोकलने भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत गेलेल्यांनी तिथले डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय पाहिलेले असते. परंतु इतिहास आणि प्राचीन लिपींचे हे अभ्यासक व्यवसायाने डॉक्टर होते आणि त्यांची मोठी झुंज कुष्ठरोगाशी होती, हे फारसे आठवले जात नाही.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म गोव्यातील मांद्रे येथला, शिक्षण मुंबईत. 1845 मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत ते दाखल झाले आणि 1851 मध्ये उत्तीर्ण झाले. ते शिकत असतानाच वैद्यकाचे चित्र पालटत होते. 1846 मध्ये बोस्टनमध्ये ईथरचा आणि 1847 मध्ये एडिंबरात क्लोरोफॉर्मचा वापर झाला. वेदनेशिवाय शस्त्रक्रिया शक्य झाली.

पुढे भाऊंपुढे आले ते नेमके उलटे रुग्ण. वेदना होत नाही, हाच त्यांचा आजार होता.

तापलेल्या कढईला बोट लागले की त्वचेतील मज्जातंतूंची टोके इशारा देतात. तो मज्जारज्जूत पोहोचताच हात मागे येतो. दुखल्याची जाणीव मेंदूला क्षणभराने होते. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेजवळचे हेच मज्जातंतू निकामी करतात. मग चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळते, बोटे झडतात. बोटे रोगाने गळतात असा समज आहे. प्रत्यक्षात वेदनेचा पहारा उठल्याने ती जातात.

समाज अशा रुग्णांना दूर लोटत असताना भाऊंनी त्यांच्यावर उपचार केले. गरिबांसाठी त्यांनी बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह मोफत दवाखाना चालवला. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. याच जातीच्या झाडांचे तेल पुढे 1940 च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत जगभर वापरले गेले. त्याने रोग पुरता हटत नसे. पण तेव्हा हाती दुसरे काही नव्हते. नॉर्वेच्या हॅन्सन यांना 1873 मध्ये या रोगाचे जंतू दिसले. पुढच्याच वर्षी, मे 1874 मध्ये, भाऊंचे निधन झाले.

आज वेदना शमवण्याचे मार्ग अनेक आहेत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुखऱ्या जागी वेदना वाढवणारी रसायने कमी करतात. दात काढताना दिलेले इंजेक्शन मज्जातंतूतला इशारा वाटेतच अडवते. पूर्ण भूल दिली की मेंदूला जाणीवच होत नाही. मात्र इशारा बंद झाला म्हणजे कारण संपले असे नव्हे. रोज वेदनाशामक गोळी घ्यावी लागत असेल तर कारण शोधायला हवे; अशा अनेक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात.

आणि अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. सरकारी रुग्णालयात कुष्ठरोगाचे उपचार मोफत मिळतात, आणि वेळेत घेतले तर रुग्ण व्यंगाशिवाय पूर्ण बरा होतो. भाऊंच्या रुग्णांना ही संधी मिळाली नव्हती.