एल्मच्या सावलीतला मास्तर

जर्मन भाषेत 'झेले' म्हणजे आत्मा. टेक्ससमधील न्यू ब्राउनफेल्स या जर्मन वसाहतीची हकीकत वाचताना हेर्मान झेले हे नाव मला पदोपदी भेटले आणि आडनावाची मोठी गंमत वाटली.

झेले १८२३ साली हिल्डेसहाइम येथे जन्मला. विशीतच, १८४३ मध्ये, तो टेक्ससला आला. १८४५ च्या मार्चमध्ये प्रिन्स कार्ल याने कोमाल नदीकाठी गाव वसवले आणि लवकरच झेले तेथे पोहोचला. इमारत नव्हती. ११ ऑगस्ट १८४५ रोजी त्याने एल्म वृक्षांच्या सावलीतच शाळा भरवली! पुढल्या वर्षी रोगराईने गावात आणि किनाऱ्यापासूनच्या वाटेवर शेकडो माणसे दगावली. एवढी माणसे पुरलेल्या त्याच गावात १८५० मध्ये 'गेर्मानिया' हे गायनमंडळ निघाले. स्थापनेत झेले होताच. पुरुषांनी चार आवाजांत एकत्र गायचे, ही मायदेशाची रीत. घरदार मागे राहिले होते. पाठ असलेल्या गाण्यांना जहाजाचे भाडे पडले नव्हते. ऑक्टोबर १८५३ मध्ये टेक्ससमधला पहिला जर्मन गायनमहोत्सव याच गावी भरला. सॅन अँटोनियो, ऑस्टिन, सिस्टरडेलहून गायक आले.

सूर जुळले, मते मात्र जुळली नाहीत. १८५४ मध्ये सॅन अँटोनियोच्या महोत्सवाला जोडून भरलेल्या सभेने गुलामगिरी अनिष्ट ठरवली. न्यू ब्राउनफेल्समधल्या पुष्कळांना ते रुचले नाही. पुढे यादवी युद्धात झेले दक्षिणेच्या बाजूने संरक्षक दलात मेजर होता. हा भाग गाळून त्याचे चरित्र सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. निर्वासितांसारख्या आलेल्या मुलांना झाडाखाली अक्षरे शिकवणारा माणूस त्या बाजूला उभा राहिला, हे मनाला लागते.

शेतकरी, वकील, नगराध्यक्ष, आमदार, संपादक अशा भूमिका करून १९०२ मध्ये तो वारला. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, टेक्ससने शाळांतून इंग्रजी सक्तीची केली. गावचे जर्मन वृत्तपत्र १९५७ पर्यंत तगले. टेक्ससची ती जर्मन बोली आज मोजक्या वृद्धांच्याच तोंडी उरली आहे. गायनमंडळे मात्र अजूनही जमतात. त्यांतल्या कित्येकांना जर्मन बोलता येत नाही, गाता येते.