मरांग गोमके जयपालसिंग

हॉकीच्या इतिहासात ज्यांना रस आहे त्यांना जयपालसिंग हे नाव एका ओळीपुरते ठाऊक असते : १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचे कप्तान. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते आणखी एका ओळीपुरते भेटते : घटना समितीतील आदिवासींचे प्रतिनिधी. माझीही त्यांच्याशी ओळख एवढीच होती. पुढे वसतिगृहातील मित्रांची जमातीच्या दाखल्यासाठी चाललेली धावपळ मी जवळून पाहिली. आजोबांच्या शाळेतील नोंद, तलाठ्याकडील जुने उतारे, पडताळणीची तारीख, पुन्हा पुढची तारीख. अमुक माणूस अमुक जमातीचा आहे हे शेवटी ठरवतो कोण, असा प्रश्न मनात आला आणि त्याचा माग काढताना मी पुन्हा जयपालसिंगांपाशी येऊन थांबलो. त्यांच्या चरित्रात हा प्रश्न दोनदा येतो, एकदा ते घटना समितीत उभे असताना आणि एकदा त्यांच्या मृत्यूनंतर.

जयपालसिंगांचा जन्म ३ जानेवारी १९०३ रोजी तेव्हाच्या रांची जिल्ह्यातील, खुंटीजवळच्या टाकरा या मुंडा गावात झाला. घरचे नाव प्रमोद पाहान. पाहान म्हणजे गावचा पुजारी. छोटानागपूरच्या त्या पठारावर गावाची जमीन, गावाचे देव आणि गावातील माणसांचे नाते ही एकच गोष्ट मानली जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे बरेच काही उलगडते. बिरसा मुंडांचे बंड शमून तेव्हा पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. लहानपणी गुरे राखणारा हा मुलगा मिशनऱ्यांच्या ओळखीने रांचीच्या सेंट पॉल शाळेत आला. तेथील मुख्याध्यापक कॅनन कॉसग्रेव्ह यांना त्याच्यात काही विशेष दिसले असावे; कारण निवृत्तीनंतर मायदेशी परतताना ते त्याला आपल्याबरोबर घेऊन गेले. टाकऱ्याच्या माळावरून थेट ऑक्सफर्डचे सेंट जॉन्स कॉलेज! तेथे त्यांनी अर्थशास्त्राची पदवी मिळवली, वादसभा गाजवल्या, आणि हॉकीत विद्यापीठाचा 'ब्लू' हा मान पटकावला.

त्यानंतर आय. सी. एस. साठी निवड झाली. उमेदवारीचा काळ इंग्लंडमध्येच चालू होता आणि त्याच सुमारास ऑलिंपिक संघाचे कप्तानपद चालून आले. रजा मागितली, ती मिळाली नाही. रजेवाचूनच ते अॅमस्टरडॅमला गेले. भारताने त्या स्पर्धेत एकूण २९ गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे. साखळी सामन्यांपर्यंत नेतृत्व जयपालसिंगांचे होते. अंतिम सामन्यात, जो भारताने हॉलंडविरुद्ध ३-० असा जिंकला, ते मैदानावर नव्हते. संघात काही बिनसले होते. त्याच्या हकिकती निरनिराळ्या सांगितल्या जातात आणि मला त्यांत शिरायचे नाही. परतल्यावर आय. सी. एस. च्या अधिकाऱ्यांनी उमेदवारीचे आणखी एक वर्ष लादले. जयपालसिंगांनी ती नोकरीच सोडली. ज्या काळात आय. सी. एस. म्हणजे स्वर्गाचे दार समजले जाई, त्या काळात एका मुंडा तरुणाने ते दार हाताने लोटावे, ही गोष्ट मला त्यांच्या सुवर्णपदकापेक्षाही मोठी वाटते.

पुढच्या दहा वर्षांचा प्रवास थोडक्यात सांगतो. बर्मा-शेल कंपनीत नोकरी. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची नात तारा मजुमदार यांच्याशी विवाह. आफ्रिकेत गोल्ड कोस्टमधील अचिमोटा येथे अध्यापन. रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम. मग बिकानेर संस्थानची चाकरी. माणूस असाच मोठ्या पगाराच्या जागा बदलत म्हातारा झाला असता तर त्याचे चरित्र आज कोणी लिहिले नसते. पण जानेवारी १९३९ मध्ये रांचीला आदिवासी महासभेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेथून ते आपल्या लोकांचे 'मरांग गोमके' झाले. मुंडारी भाषेत याचा अर्थ थोर नेता.

१९४६ मध्ये ते घटना समितीवर निवडून आले. आपण जंगली म्हणवले जाणाऱ्या लोकांच्या वतीने बोलतो आहोत, हे त्यांनी पहिल्याच मोठ्या भाषणात जराही न संकोचता सांगितले. दारूबंदीच्या कलमावर चर्चा निघाली तेव्हा, तांदळाची बोज ही आदिवासींच्या धर्मविधीचा भाग आहे, ती काढून घेऊ नका, असे भर सभेत सांगणारेही तेच. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाद एका शब्दाचा होता. मसुद्यात 'अनुसूचित जमाती' असा शब्दप्रयोग होता. जयपालसिंगांना 'आदिवासी' हवा होता. घटनेच्या हिंदी अनुवादात 'बनजाति' असा शब्द घातलेला पाहून त्यांना विशेष वाईट वाटले. ज्या शब्दाने आम्ही स्वतःला ओळखतो तो सोडून आम्हाला पुन्हा रानातच का ढकलता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी यावर दिलेले उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. आदिवासी हा शब्द ढोबळ आहे, त्याला कायद्याने निश्चित केलेला अर्थ नाही. अनुसूचित जमात म्हणजे मात्र यादीत नाव असलेली जमात. उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर कोण आत आणि कोण बाहेर हे नेमके सांगता आले पाहिजे. अशी त्यांची भूमिका होती. वकिलाच्या नजरेने पाहिले तर तिला तोड नाही. सवलत ज्याच्यासाठी आहे त्याचे नाव-गाव ठरलेले नसेल तर ती प्रबळांच्याच पदरात पडते. आणि तरीही जयपालसिंगांचे दुःख खोटे ठरत नाही. शब्द माणसे स्वतः वापरतात. यादी दुसऱ्याने केलेली असते.

घटनेच्या ३४२ व्या कलमाने हा प्रश्न निकाली काढला. राष्ट्रपतींनी राज्यवार यादी जाहीर करायची. एकदा जाहीर झाल्यावर तीत नाव घालणे वा गाळणे केवळ संसदेच्या हाती. पहिला आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. राज्यवार हा शब्द लहान दिसतो, पण पुढची कितीतरी भांडणे त्याच्याच पोटातून निघाली. छोटानागपुरातून चहाच्या मळ्यांवर गेलेले मुंडा, ओरांव, संथाळ मजूर रक्ताने तेच राहिले, पण आसामच्या यादीत त्यांना जागा मिळाली नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ती मागत राहिले. आपल्याकडचे उदाहरण तर अधिक चमत्कारिक आहे. महाराष्ट्राच्या यादीत 'ओरांव, धांगड' अशी नोंद आहे. ओरांव म्हणजे जयपालसिंगांच्या मुंडांचे शेजारी. या 'धांगड' शब्दात 'धनगर' वाचायचा की नाही, एका अक्षराची चूक झाली आहे की नाही, यावर आपल्या राज्यात किती मोर्चे निघाले हे वाचकांना सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही मागणी फेटाळली. यादी जशी आहे तशीच वाचावी लागते.

इकडे जयपालसिंगांनी १९५० मध्ये झारखंड पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. स्वतंत्र राज्याची मागणी राज्य पुनर्रचना आयोगाने मानली नाही, पक्षाला ओहोटी लागली, आणि १९६३ मध्ये त्यांनी तो काँग्रेसमध्ये विलीन केला. हा निर्णय त्यांच्या अनुयायांना रुचला नाही, आणि मलाही तो उमगलेला नाही. थकवा हे एक कारण असू शकेल, पण ज्याने रजेसाठी मान तुकवली नाही त्याने पक्षच देऊन टाकावा हे चटकन पचत नाही. असो.

याच काळात त्यांच्याच मुलुखात यादीचा प्रश्न न्यायालयात उभा राहिला. १९६२ साली लोहरदगा या राखीव मतदारसंघात कार्तिक ओरांव हरले. विजयी उमेदवार डेव्हिड मुंजनी हे ख्रिस्ती, सबब ते आता ओरांव उरले नाहीत, असा अर्ज त्यांनी केला. धर्म बदलला म्हणून जमात सुटत नाही, असे पाटणा उच्च न्यायालयाने ठरवले. कार्तिक ओरांवांनी पुढे हा वाद संसदेत नेला. तो आजही मिटलेला नाही. जयपालसिंग स्वतः ख्रिस्ती होते, पाहानाच्या घरातले होते आणि मुंडाही होते. त्यांना यात विसंगती वाटल्याचे कोठे दिसत नाही.

२० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते खुंटीचे खासदार होते. पोटनिवडणूक लागली आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी जहाँआरा यांनी अर्ज भरला. जागा अनुसूचित जमातीची. जहाँआरा जन्माने मुंडा नव्हत्या. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला. झारखंड पक्षाचे एन. ई. होरो निवडून आले. जहाँआरा पाटणा उच्च न्यायालयात गेल्या.

खटल्यात जे पुढे आले ते मला कोणत्याही कादंबरीपेक्षा वाचनीय वाटले. मुंडा समाज 'किली'त म्हणजे कुळांत विभागलेला आहे. स्वतःच्या किलीत लग्न चालत नाही आणि जमातीबाहेरही चालत नाही; बाहेर लग्न करणाऱ्यावर बहिष्कार पडू शकतो. पण समाजाच्या वडीलधाऱ्यांनी, गावांच्या 'परहा' पंचायतीने ते लग्न मान्य केले, रूढ विधी झाले, तर जोडपे समाजातच राहते. जयपालसिंगांनी हे सारे केले होते. ऑक्सफर्डचा पदवीधर, ज्याने दिल्लीत घटनेवर भाषणे केली, तो आपल्या लग्नाची संमती मागायला गावच्या पंचांपुढे गेला होता! न्यायालयांनी नेमके यावरच बोट ठेवले. पत्नी जन्माने परकी असली तरी समाजाने रीतसर स्वीकारल्यावर ती पतीच्या जमातीची होते. जसे पतीचे अधिवास-स्थान पत्नीला मिळते तसेच हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा निकाल कायम केला. यादी राष्ट्रपतींची होती, पण यादीतल्या एका नावात कोण मावते हे परहाच्या पंचांनी ठरवले होते, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले. घटना समितीत जयपालसिंगांना जे मिळाले नाही त्यातले थोडेसे त्यांच्या पत्नीच्या खटल्यात मिळाले, असे मला वाटते.

मात्र या निकालावरून नुसत्या लग्नाने जमात मिळते असा अर्थ काढता येणार नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उच्च समाजात वाढलेल्या स्त्रीला विवाहाने राखीव जागेचा लाभ मिळत नाही, असे स्पष्ट केले. समाजाच्या स्वीकारावर विसंबण्याचे दिवसही पुढे सरले. महाराष्ट्रातील दोन बहिणींनी महादेव कोळी असल्याचा दावा केला होता. त्या खटल्यात १९९४ साली तपासणी समित्या, दक्षता पथके आणि चालीरीती, देवदेवता, विधी यांची विचारपूस अशी सारी व्यवस्था आखली गेली. नोव्हेंबर २००० मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की यादीतील नोंदीचा अर्थ पुरावे घेऊन वाढवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही; मात्र ज्या विद्यार्थ्याचे प्रकरण होते त्याच्या वैद्यकीय पदवीला त्यांनी हात लावला नाही. आणि मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात असे ठरले की चालीरीतींची ती परीक्षा ही एकमेव कसोटी मानू नये. शहरात वाढलेल्या माझ्या मित्राला कुलदैवताच्या पूजेचा तपशील विचारला आणि तो अडखळला, तेव्हा हा निकाल लागलेला असता तर त्याच्या घरच्यांनी इतका धसका घेतला नसता. अर्थात खोट्या दाखल्यांनी खऱ्या आदिवासी मुलांच्या जागा गेल्या, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यांच्या बाजूने बोलायला जयपालसिंगांसारखा माणूस लागतो.

जहाँआरांना त्या निकालाने जागा मिळाली नाही. तो लागला तेव्हा ती लोकसभा विसर्जित होऊन वर्ष उलटले होते, १९७१ ची निवडणूकही होऊन गेली होती, आणि खुंटीतून पुन्हा होरोच निवडून आले होते. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीदिवशी अस्तित्वात आले. टाकरा आता त्या राज्याच्या खुंटी जिल्ह्यात आहे.