डॉ. रखमाबाई आणि न सांगितले जाणारे दुखणे

चैत्र सरता सरता जळगाव-धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी ‘उन्हाळी लागली’ हे शब्द कानावर येऊ लागतात. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणे, सारखे जावेसे वाटणे. त्यावर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा. बऱ्याच जणांचे तेवढ्यावर भागतेही. पण हीच तक्रार दोन जिवांच्या बाईची असेल, तर तिचा दोष उन्हावर टाकून चालत नाही. तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. वैद्यकाला हे समजायला आणि त्यावर औषध सापडायला जवळजवळ एक अख्खे आयुष्य लागले. योगायोगाने ते आयुष्य एका मराठी डॉक्टरबाईंचेही आहे. खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या सुरतेत वीसहून अधिक वर्षे बायकांचे हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉ. रखमाबाई.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. हे सावत्र वडील नामांकित डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि मराठीत वैद्यकावर लिहीत होते. गर्भ आणि प्रसूती या विषयावरचे त्यांचे मराठी पुस्तक १८७३ मध्ये निघाले. बाळंतपण म्हणजे सुईणीचा प्रांत, त्यावर पुरुषांनी बोलू नये असे मानणाऱ्या काळात हे धाडसच म्हणायचे. असा माणूस घरात असूनही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. मात्र त्या नांदायला गेल्या नाहीत.

पुढचा खटला सर्वांना ठाऊक आहे. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असे फर्मावले. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. संमतिवयाचा १८९१ चा कायदा येण्यात या खटल्याचा वाटा मोठा होता.

पिन्हींचा निकाल लागला त्याच १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत सापडलेल्या एका जिवाणूचे वर्णन जाहीर केले. आज तो ई. कोलाय म्हणून ओळखला जातो. मूत्रमार्गाच्या संसर्गात दहापैकी सात-आठ वेळा गुन्हेगार हाच निघतो. तो राहतो आतड्यात, तिथे बहुधा त्रास देत नाही. पण बायकांचा मूत्रमार्ग आखूड आणि गुदद्वाराच्या जवळ, त्यामुळे मूत्राशयात शिरायला त्याला वेळ लागत नाही. गर्भारपणात त्याचे आणखी फावते. संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांना दाबते, विशेषतः उजवीकडे. लघवी तुंबते आणि तुंबलेल्या लघवीत जिवाणू वाढतात. मग थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या. तापीकाठच्या हिवतापाच्या मुलखात असा ताप हिवतापाच्या खाती जमा होणे किती सोपे!

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठबळावर रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्या. तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास जळगावपर्यंत पोचली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची ठाणी झाली. या साऱ्या काळात रखमाबाई सुरतेतच होत्या. १९१८ नंतर त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त झाल्या.

आता त्या पस्तीस वर्षांचा हिशेब पाहा. जंतूचे नाव माहीत होते, सूक्ष्मदर्शक होते, पण मूत्रपिंडात बसलेल्या जंतूला खात्रीने मारणारे औषध नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यूरोट्रोपिन आले होते. ते आम्ल लघवीत फॉर्माल्डिहाइड सोडते, म्हणून मूत्राशयात थोडेफार काम करी, वर मूत्रपिंडात फारसे नाही. बाकी भरपूर पाणी, जवाचे पाणी, क्षार आणि विश्रांती, एवढाच त्या काळच्या डॉक्टरांचा भाता. सल्फा औषधे १९३५ नंतर आली, म्हणजे रखमाबाई निवृत्त झाल्यावर. गर्भवतींना आजही दिले जाणारे नायट्रोफ्युरॅन्टॉइन १९५३ मध्ये वापरात आले, तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी एका मिलिलिटर लघवीत एक लाखांहून अधिक जिवाणू म्हणजे संसर्ग, असा मोजमापाचा निकष मांडला आणि नंतर गर्भवतींमध्ये तो लावून पाहिला. कसलाही त्रास नसताना काही जणींच्या लघवीत जिवाणू होते आणि उपचार न झालेल्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. दिवस भरण्याआधी बाळंत होणे आणि बाळाचे वजन कमी भरणे यांच्याशीही त्याचा संबंध जोडला गेला.

औषध नसलेल्या त्या काळात बाई डॉक्टरचा उपयोग काय, असा प्रश्न पडू शकतो. उपयोग हाच, की तिला सांगता येई. जळजळ होते, अंगावर जाते, लघवी आवरत नाही, हे पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला सांगणार नव्हती आणि तपासूही देणार नव्हती. रखमाबाईंचे निवृत्तीच्या सुमाराचे लेखन पडदा उठवण्याची गरज मांडणारे आहे. जनाना हॉस्पिटलात उभी हयात काढलेल्या डॉक्टरने तो विषय निवडावा, यात नवल नाही.

आज धुळे आणि जळगाव दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तीत लघवीचीही. साध्या पट्टीच्या चाचणीत साखर आणि प्रथिने कळतात. जिवाणू नेमका कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे मात्र कल्चरमध्ये कळते, त्याला दोन-तीन दिवस लागतात. नमुना मधल्या धारेचा घ्यायचा असतो, हे बाईला नीट सांगावे लागते. औषध निवडतानाही महिना पाहावा लागतो: ट्रायमेथोप्रिम फोलिक ॲसिडच्या कामात आड येते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, नायट्रोफ्युरॅन्टॉइन बाळंतपण जवळ आल्यावर देत नाहीत. म्हणून जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या दुकानातून आणून घेणे गर्भारपणात धोक्याचे. कोर्स संपल्यावर कल्चर पुन्हा करतात.

आणि कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत दिवसभर गेलेली बाई आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पिते, लघवी दाबून धरते. तपासणीच्या खोलीत सासू किंवा नवरा शेजारी उभा असताना जळजळ होते का, असे विचारले, की पुष्कळ जणी मान हलवून नाही म्हणतात.