भावाचं कातडं

आमच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात पीटर मेडावार यांच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ येते: नोबेल, १९६०. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा उंदरांवर प्रयोग करणारा माणूस कशाला, असं कुणी विचारेल. पण त्यांच्या कामाची सुरुवात एका भाजलेल्या माणसापासून झाली, आणि तीच मला सांगायची आहे.

जन्म १९१५, ब्राझीलमध्ये. वडील लेबनीज, आई इंग्रज. शिक्षण ऑक्सफर्डला. १९४० साली युद्धाच्या धामधुमीत त्यांच्या घराजवळच एक बॉम्बफेकी विमान कोसळलं. त्यातला तरुण वैमानिक भयंकर भाजला होता. रक्त देऊन, जंतुनाशक औषधं देऊन असे रुग्ण जगू लागले होते. पण उघडी जखम झाकायची कशाने? स्वतःची कातडी पुरत नाही, दुसऱ्याची टिकत नाही. मेडावार तोवर प्रयोगशाळेत रमणारे. या एका रुग्णाने त्यांची दिशाच बदलली.

पुढे ग्लासगोच्या इस्पितळात टॉम गिब्सन या सर्जनबरोबर त्यांनी भाजलेल्या एका बाईवर उपचार केले. वय अवघं २२. फिट येऊन ती गॅसच्या शेगडीवर पडली होती. तिच्या जखमेवर काही चिमटीएवढे तुकडे तिच्याच कातडीचे लावले, काही तिच्या भावाच्या. तिचे रुजले. भावाचेही आधी रुजल्यासारखे वाटले, मग गळाले. दोन आठवड्यांनी भावाची कातडी पुन्हा लावली, तर ती पहिलीपेक्षा लवकर गेली. म्हणजे दोष टाक्यांचा नव्हता. शरीर परक्याला ओळखत होतं आणि लक्षातही ठेवत होतं. आपल्याकडे हापूसची फांदी रायवळ आंब्यावर बिनतक्रार जगते. इथे सख्ख्या भावाचं कलम लागेना! १९४३ साली दोघांनी हे प्रसिद्ध केलं.

हे शरीराला विसरायला लावता येईल का? गायीची जुळी वासरं दिसायला वेगळी असूनही एकमेकांची कातडी स्वीकारतात, असं पुढे आढळलं. कारण गर्भात असतानाच त्यांचं रक्त एकमेकांत मिसळलेलं असतं. मग बिलिंगहॅम आणि ब्रेंट या सहकाऱ्यांसह त्यांनी गर्भातल्या उंदरांना दुसऱ्या वाणाच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. त्यातले काही उंदीर मोठेपणी त्या वाणाची कातडी बाळगू लागले. १९५३ सालची ही गोष्ट. माणसावर ही युक्ती जशीच्या तशी चालणार नव्हती, पण भिंत अभेद्य नाही हे कळलं. अवयवरोपण करणाऱ्यांना त्यातून धीर आला.

मला मात्र खटकतं ते हे, की याचा मोठा फायदा मूत्रपिंडाच्या रुग्णांना झाला. भाजलेल्यांना त्वचापेढीतून मिळणारी कातडी आजही काही आठवड्यांचं पांघरूणच असते. खालची मोठी जखम शेवटी स्वतःच्याच कातडीने झाकावी लागते.

१९६९ साली एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये बायबलचा उतारा वाचत असतानाच मेडावार यांना पक्षाघाताचा झटका आला. वय ५४. अर्धं अंग लुळं पडलं, तरी पुढची अठरा वर्षं ते लिहीत राहिले. १९८६ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी स्वतःला विचार करणारा मुळा म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला ते गेले.