फ्रॉइड आणि तोंडातला राक्षस

सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसएक सिगार ओढत. १९२३ च्या सुरुवातीला, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांना तोंडात उजवीकडे, जबड्याजवळ टाळूवर काहीतरी वाढलेले जाणवले. स्वतः डॉक्टर असूनही दोनेक महिने त्यांनी ते कुणाला दाखवले नाही. दाखवले की सिगार बंद करण्याचा हुकूम येणार, हे त्यांना ठाऊक होते. अखेर एप्रिलमध्ये फेलिक्स डॉइच या डॉक्टरांनी तोंड पाहिले आणि हा कर्करोग आहे हे ओळखले. रुग्णाला मात्र त्यांनी तंबाखूने उठणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया आहे, एवढेच सांगितले.

व्हिएन्नातले नाक-कान-घसा तज्ज्ञ मार्कुस हायेक यांनी बाह्यरुग्ण विभागातच ती गाठ काढली. फ्रॉइड घरी न सांगता गेले होते. रात्रीपुरते सामान आणा, असा निरोप आल्यावर पत्नी मार्था आणि धाकटी मुलगी अ‍ॅना तिथे पोहोचल्या, तर ते खुर्चीवर बसलेले आणि कपडे रक्ताने माखलेले. वेगळी खोली नव्हती. बौद्धिक वाढ खुंटलेल्या एका ठेंगण्या रुग्णाच्या लहानशा खोलीत त्यांना निजवले. दुपारी दोघींना घरी पाठवले आणि नेमका तेव्हाच जोराचा रक्तस्राव सुरू झाला. बोलवण्याची घंटा बिघडलेली होती. त्या सोबतच्या रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून फ्रॉइड वाचले. तपासणीत कर्करोगच निघाला, पण तेही त्यांच्यापासून लपवले गेले. पुढे खरे कळल्यावर डॉइच यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला.

ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर या जबड्याच्या शल्यविशारदांनी मोठी शस्त्रक्रिया केली. पूर्ण भूल न देता, भाग बधिर करून, ओठ आणि गाल चिरून उजव्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. रोग आटोक्यात आला आणि फ्रॉइड आणखी १६ वर्षे जगले. पण ती १६ वर्षे त्यांना आजाराइतकीच उपचारांशीही झुंज द्यावी लागली.

टाळू गेल्यावर तोंड आणि नाक एकच पोकळी होते. घास नाकात जातो, शब्द फुटत नाहीत. ते भोक बुजवायला मोठ्या कवळीसारखा कृत्रिम टाळू बनवला. घरात त्याचे नाव पडले ‘राक्षस’. तो घट्ट बसवला तर जखमा होत. सैल केला तर जेवण आणि बोलणे बिघडे. काढून ठेवायचीही सोय नव्हती, कारण ऊती आकसून तो पुन्हा बसेनासा होई. जबडा आखडल्याने तोंड पुरेसे उघडत नसे. एकदा बापलेकींनी अर्धा तास खटपट केली, तरी तो बसेना, तेव्हा शल्यविशारदांनाच बोलवावे लागले. १९३१ मध्ये हार्वर्डच्या काझांजियान यांच्याकडून नवा करून घेतला, तोही पुरता मानवला नाही.

उजव्या कानाला संसर्ग होऊन त्याने ऐकू येणे जवळपास बंद झाले. दिवसभर माणसांचे ऐकणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचा कान गेला! रुग्णांचा कोच आणि आपली खुर्ची यांच्या जागा बदलून फ्रॉइड डाव्या कानाने ऐकू लागले. १९२४ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा रुग्ण तपासायला सुरुवात केली होती. आवाज गेंगाणा झाला होता आणि चारचौघांत जेवणे ते टाळू लागले. १९३० चा गटे पुरस्कार घ्यायला फ्रँकफर्टला अ‍ॅनाच गेली. भाषणही तिनेच वाचले. तोंडाची सारी शुश्रूषा तिच्याकडे होती. त्यात हळहळ दाखवायची नाही, नेमून दिलेले काम करावे तसे करायचे, असे दोघांचे ठरलेले होते. विचार स्वच्छ राहावा म्हणून ते तीव्र वेदनाशामके टाळत, फार तर अ‍ॅस्पिरिन घेत.

हे सगळे खरे, पण सिगार सुटला नाही. जबडा उघडत नसे तेव्हा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दात फाकवून ते सिगार तोंडात धरत. मग पुन्हा पांढरे चट्टे, पुन्हा काप, जाळणे, नवा व्रण, आणि त्या व्रणामुळे न बसणारा टाळू. अशा तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सिगारशिवाय लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्यसनाने किती शहाण्या माणसाच्या तोंडून असे समर्थन वदवून घ्यावे!

१९२९ मध्ये माक्स शूर त्यांचे डॉक्टर झाले. फ्रॉइड यांनी त्यांच्याकडून दोन वचने घेतली: कधी खोटे सांगायचे नाही आणि वेळ आल्यावर विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. १९३६ मध्ये कर्करोग पुन्हा सापडला, तेव्हा पहिले वचन कसाला लागले. १९३८ मध्ये नाझींमुळे फ्रॉइड लंडनला गेले. त्या सप्टेंबरात पिखलर यांनी तिथे येऊन शस्त्रक्रिया केली. १९३९ मध्ये मात्र गाठ शस्त्रक्रियेपलीकडे गेली. किरणोपचारही झाले. हाड कुजून इतकी दुर्गंधी येई, की लाडका कुत्राही जवळ फिरकेना. सप्टेंबरमध्ये फ्रॉइड यांनी शूर यांना दुसऱ्या वचनाची आठवण करून दिली आणि अ‍ॅनाशी बोलून घ्यायला सांगितले. मॉर्फिन दिले गेले. २३ सप्टेंबरला, वयाच्या ८३ व्या वर्षी, झोपेतच त्यांचा श्वास थांबला.