विश्लेषण : वैरागडचा हिरा, चंद्रपूरचा कोळसा आणि रामन यांचा मंद प्रकाश

गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यातले वैरागड एके काळी हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध होते. अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथातही या खाणीची नोंद आहे. शेजारच्या चंद्रपूरची ओळख मात्र कोळशाची. हिरा काय किंवा कोळसा काय, दोन्हींत मुख्य ऐवज कार्बनचाच. फरक अणूंच्या मांडणीचा. ही मांडणी नमुना न फोडता, न जाळता, नुसता प्रकाश टाकून ओळखता येते. ती रीत ज्या शोधावर उभी आहे, तो सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा. आता तिला लेझरची आणि सुईसारख्या धातूच्या टोकाची जोड मिळाली असून मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाचे पदार्थही तिने तपासले जातात. शोध लागला तेव्हा रामन यांच्याकडे लेझर नव्हता आणि ते टोकही नव्हते.

रामन यांचा नागपूरशी काय संबंध?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये बीए आणि १९०७ मध्ये एमए झालेल्या रामन यांचा पहिला शोधनिबंध १९०६ मध्येच लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला होता. तेव्हा ते १८ वर्षांचे होते. पण त्या काळी संशोधनावर पोट भरेल अशी नोकरी भारतीय तरुणाला मिळणे जवळपास अशक्य होते. त्यांनी सरकारी वित्त सेवेची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले.

कलकत्त्यात बोबाजार स्ट्रीटवर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती. प्रयोगशाळा होती, वापरणारे फारसे कोणी नव्हते. रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे जाऊ लागले. मग सरकारी नोकरीत व्हायचे तेच झाले, बदली. १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये नागपूर. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी आणि चांदा हा त्याच प्रांतातला जिल्हा. आजचा गडचिरोलीही त्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. नागपुरात रामन वर्षभरही राहिले नाहीत. १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्याला गेले. चरित्रांत नागपूरचा मुक्काम एका ओळीत संपतो. तरी त्या एका ओळीतून एवढे कळते की बदलीचा एक कागद आला की प्रयोगशाळा सुटत होती. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने पालित प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा जवळपास निम्म्या पगारावर त्यांनी ते घेतले. हा हिशेब लेखा विभागातल्या अधिकाऱ्याला नीट कळत होता.

शोधाची सुरुवात बोटीवर कशी झाली?

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा युरोपला गेले. परतताना एस. एस. नारकुंडा या बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गजाचे मत होते. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होता. विशिष्ट कोनातून पाहिले की त्यातून पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश अडवता येतो. प्रतिबिंब अडवल्यावर निळाई कमी व्हायला हवी होती. ती उलट वाढली. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. बोट मुंबईला लागली तेव्हा मजकूर तयार होता. नेचर नियतकालिकाला पाठवलेल्या त्या पत्रावर मुंबई बंदर, २६ सप्टेंबर १९२१ अशी नोंद आहे.

पुढची सात वर्षे कलकत्त्यात हेच काम चालले. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, रंग बदललेला अंश असतो, असे रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्ये दिसले होते. द्रवात काही अशुद्धी असेल, असा समज झाला. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले, तरी तो अंश जाईना.

१९२८ मध्ये नेमके काय दिसले?

साधन साधे होते. सात इंची दुर्बिणीने सूर्यप्रकाश एकवटायचा, निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून द्रवावर सोडायचा आणि बाजूने, निळा रंग पूर्ण अडवणाऱ्या दुसऱ्या काचेतून पाहायचे. प्रकाशाचा रंग बदलला नसेल तर अंधार दिसला पाहिजे. तिथे मंद उजेड दिसत होता. के. एस. कृष्णन यांनी जवळपास ६० द्रवांवर हे पाहिले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर मूळ प्रकाशापासून सुटी असलेली नवी पट्टी स्पष्ट दिसली.

कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की थोडा वेग तिला देऊन स्वतः मंदावतो. प्रकाशकण रेणूवर आदळतो तेव्हा बहुतेक वेळा तसाच परत येतो. क्वचित रेणूला कंप पावायला लागणारी ऊर्जा देऊन, म्हणजे रंग थोडा तांबड्याकडे सरकवून येतो. किती ऊर्जा द्यायची हे रेणूतल्या बंधांवर ठरते. म्हणून तो फरक म्हणजे त्या पदार्थाचा अंगठ्याचा ठसा. अडचण एकच, असा कण लाखो-कोट्यवधींत एखादा. छायाचित्राची काच तासन्तास उघडी ठेवावी लागे.

मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनाही त्याच महिन्यात क्वार्ट्झच्या स्फटिकात हेच दिसले होते. त्यांचा निबंध मागाहून आला. १९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. पारितोषिक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, जुलैमध्येच त्यांनी बोटीची तिकिटे काढून ठेवली होती. हा आत्मविश्वास कौतुकाने सांगितला जातो. कृष्णन यांचे नाव मात्र परिणामाच्या नावातही नाही आणि पारितोषिकातही नाही, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही.

बंगळूरुतील वर्षे वादाची का ठरली?

१९३३ मध्ये रामन बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांनी तिथे प्रवेश मागितला. मुलगी आहे म्हणून रामन यांनी तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर त्यांना घेतले आणि काम पाहून रामन यांना संस्थेची दारे मुलींसाठी उघडावी लागली. याच पुढे केंब्रिजमधून पीएचडी झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. रामन यांच्या चरित्रातली ही बाजू महाराष्ट्राने तरी विसरू नये. १९३७ मध्ये कारभारावरून झालेल्या वादात रामन यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत राहिले.

या काळात त्यांना हिऱ्याने झपाटले. त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी यांनी कित्येक हिऱ्यांचे वर्णपट तपासले. एमएस्सी नसल्याने विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली नाही. त्या पुढे पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि देशी हवामान उपकरणे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. हिऱ्याचा रामन ठसा म्हणजे एकच अरुंद रेघ, वर्णपटावर १३३२ या आकड्याला. कोळशात तशी रेघ नसते. तिथे १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद उंचवटे दिसतात. पहिला अणूंच्या मांडणीतल्या विस्कळीतपणाचा, दुसरा ग्राफाइटसारख्या षटकोनी जाळीचा. कोळसा जमिनीत जितका मुरला असेल, तितकी या उंचवट्यांची ठेवण बदलते.

लेझर आल्याने काय बदलले?

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत मागे पडू लागली होती. अवरक्त किरणांवर चालणारी तयार यंत्रे बाजारात आली; ती सोपी आणि वेगवान होती. रामन यांनी १९४८ मध्ये बंगळूरुत स्वतःची संशोधन संस्था काढली होती आणि तिथे ते रत्ने, फुलांचे रंग, डोळ्याची दृष्टी यांत रमले. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

१९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेझर पेटवला आणि १९६२ मध्ये लेझरने रामन वर्णपट घेतले गेले. एकाच रंगाचा, प्रखर, ठिपक्याएवढा प्रकाश. या परिणामाला नेमके हेच हवे होते. तासांचे काम पुढे सेकंदांवर आले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले.

लेझरलाही एक मर्यादा होती. भिंगाने प्रकाशाचा ठिपका त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा लहान करता येत नाही. हिरव्या लेझरचा ठिपका अडीचशे नॅनोमीटरच्या आसपास राहतो. त्यात हजारो रेणू मावतात. वाट सापडली ती चांदीमुळे. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खडबडीत चांदीवरच्या रेणूंचा रामन प्रकाश अनपेक्षित प्रखर दिसला. धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका लयीत झुलतात आणि टोकाशी प्रकाश एकवटतो, हे त्याचे मुख्य कारण. मग २००० मध्ये काही गटांनी अणूंचे पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची सुई सोन्या-चांदीची केली आणि तिच्या टोकावर लेझर सोडला. आता टोकाखालचेच रेणू उजळतात. २०१३ मध्ये चीनमधील हफेई येथील गटाने एका रेणूच्या आतला तपशील अशा तऱ्हेने नोंदवला.

हे प्रयोगशाळेबाहेर कुठे लागते?

लेझर आता पदार्थ घडवतोही. पाण्यात ठेवलेल्या धातूवर लेझरचे स्पंद मारले की नॅनोकण सुटतात. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात साध्या पॉलिइमाइड प्लास्टिकवर कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवून सच्छिद्र ग्राफीन तयार केले गेले. हा लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. झालेला काळा थर खरोखर ग्राफीन आहे की नुसती काजळी, हे सांगतो रामन वर्णपटच. वर उल्लेख केलेल्या दोन उंचवट्यांबरोबर २७०० च्या आसपास तिसरा ठळक दिसला तर ग्राफीन.

घडवणारा आणि तपासणारा प्रकाश एकच असल्याने एक घोळही होतो. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे खनिज हेमेटाइट आहे. लोखंडाचेच दुसरे ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट. त्याच्यावर तपासणीचा लेझर प्रखर ठेवला तर नमुना तापतो, हवेतला ऑक्सिजन घेतो आणि त्या ठिपक्यापुरता हेमेटाइट होऊन जातो. पडद्यावर उमटतो तो हेमेटाइटचा ठसा, जो मुळात तिथे नव्हताच. त्यामुळे लोहखनिज तपासताना लेझर मंद ठेवतात आणि रामन यांच्या काळासारखे थोडे जास्त वेळ थांबतात.